श्याम रडका आणि फाफे डॅशिंग? मला नाही पटत

मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, साने गुरुजींचं श्यामची आई नको गं, पोरगा रडका होईल, त्यापेक्षा फास्टर फेणे, म्हणजे आपला फाफे, दे. हे ऐकलं की मला खरंच त्रास होतो, कारण असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात शाळेच्या धड्यातला, ओले पाय मळू नयेत म्हणून आईला ओचे पसरायला लावणारा श्याम तेवढा असतो, पुस्तक उघडून कित्येक वर्षं झालेली असतात.

त्यातलं पोहण्याचं प्रकरण वाचा. बाकीची पोरं विहिरीवर पोहायला आणि हा घाबरून माळ्यावर लपून बसलेला. आई शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि विहिरीवर धाडते, का तर आपल्या पोराला कुणी भित्रा म्हटलेलं तिला चालणार नाही. मारणं मला अजिबात पटत नाही, तेव्हाचा काळ वगैरे धरूनही नाही. पण मुलाला किती भीती वाटते, मार खाल्ल्यावर आईचा किती राग येतो आणि मग ती कशी जवळ घेऊन समजावते, हे सगळं तिथे उघड लिहिलंय. मुलग्याची भीती एवढ्या मोकळेपणाने मांडणारं दुसरं मराठी पुस्तक मला तरी पटकन आठवत नाही.

आणि याच पुस्तकात ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाचं अख्खं प्रकरण आहे! मुलग्यांनाही घरातली कामं यावीत, पुरुषात कोमलपणा हवा आणि बाईत धैर्य हवं, हे साने गुरुजी लिहितायत ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात बसून. इंग्रज सरकारशी भांडून आत गेलेला माणूस आहे हा. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, जीव पणाला लावला. अशा माणसाच्या श्यामला मुळमुळीत कसं म्हणवतं?

फाफे मलाही जाम आवडतो हां. फुरसुंगीचा बनेश, किडकिडीत, सायकलवर सुसाट, तोंडाने ट्टॉक. भा. रा. भागवतांनी त्याला पहिलवान केला नाही हे किती भारी आहे, एका पुस्तकाचं नावच ‘जवानमर्द फास्टर फेणे’ आहे पण हा पोरगा ताकदीपेक्षा डोक्यावर आणि कुतूहलावर चालतो. फक्त त्याच्या गोष्टींना वेगच इतका की कुणाचं मन दुखावलं, आपण चुकलो, रात्री झोप आली नाही, असल्या गोष्टींपाशी थांबायला सवड नाही. धाडसकथा आहे, चालायचंच. पण मुलगा म्हणजे एवढंच, असं वाचणाऱ्या पोराला वाटायला नको. ताम्हनकरांचा गोट्या या दोघांच्या मधला वाटतो मला, अनाथ, व्रात्य आणि मनाने फार मऊ, त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.

श्यामचं नुकसान खरं तर आपण मोठ्यांनी केलंय. “बघ, श्याम कसा आईचं ऐकायचा” असं म्हणून पुस्तक हातात ठेवलं की कुठलं पोर ते आनंदाने वाचेल? संस्कारांचं लेबल काढा आधी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फाफे द्या, वाचायची चटक लागू दे, मग श्याम द्या आणि सुरुवात थेट पोहण्याच्या प्रकरणापासून करा. घरात मुलगी असेल तर तिलाही हेच, याच क्रमाने.