घोड्याच्या शेपटीखाली

हानोफरच्या मुख्य स्टेशनाबाहेर राजा एर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. कुठे भेटायचं हे ठरवताना इथली माणसं 'शेपटीखाली' एवढंच म्हणतात. अकरा वर्षांत मीही त्या शेपटीखाली कितीतरी वेळा ताटकळले. पण त्या राजाच्या मुलाचं राज्य १८६६ साली दोन आठवड्यांत हरलं आणि तीन महिन्यांत नकाशावरून पुसलं गेलं, हे शेजारच्या आजोबांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. शहराच्या कडेला लोकांना भाज्या-फुलं लावायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, तिथे त्यांचा आणि आमचा तुकडा लागून आहे. त्यांच्या लाकडी खोपटावर जर्मनीचा झेंडा नाही, जुन्या हानोफर राज्याचा पिवळा-पांढरा आहे. एका रविवारी कॉफी ओतता ओतता ते म्हणाले, "त्या वेळी बायर्न आले असते तर!" मला वाटलं, फुटबॉलचं काहीतरी चाललंय. बायर्न म्हणजे बव्हेरियाचं सैन्य आणि 'त्या वेळी' म्हणजे २७ जून १८६६, हे कळायला दुसरा कप लागला.

गोष्ट अशी. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता, अनेक राज्यं होती. त्यातल्या प्रशिया आणि ऑस्ट्रिया या दोन बड्यांमध्ये जर्मनीचा धनी कोण, याचा निकाल रणांगणात लागायचा होता. १५ जूनला प्रशियाने हानोफर, सॅक्सनी आणि हेसेनला बजावलं: तटस्थ राहा आणि सैन्य मागे घ्या, नाहीतर लढाई. हानोफरचा राजा गेऑर्ग पाचवा दृष्टिहीन होता आणि तितकाच हट्टी. त्याने नकार दिला. त्याची एकोणीस हजारांच्या आसपास फौज ग्यॉटिंगनला गोळा झाली आणि बव्हेरियाच्या सैन्याला गाठायला दक्षिणेकडे निघाली. लांगेनझाल्झाला तिने प्रशियाच्या छोट्या तुकडीला चक्क हरवलं. पण बव्हेरियाचं सैन्य आलंच नाही. दोन दिवसांत प्रशियाची कुमक चहूबाजूंनी आली आणि जिंकलेल्या सैन्याने शरणागती पत्करली. राजा व्हिएन्नाला गेला, तो परत आला नाही. त्याच्यासाठी बांधायला घेतलेला राजवाडा तेव्हा पुरासुद्धा झाला नव्हता. आज त्यात विद्यापीठ भरतं.

हे ऐकताना मला हसू आवरेना. कारण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर १४ जानेवारीला हेच चालतं, फक्त नावं वेगळी. इकडे पहाटेचे चार वाजलेले असतात आणि तिकडे धाकट्या काकांनी पानिपत सुरू केलेलं असतं. सूरजमल जाट सोडून गेला नसता तर! शुजाउद्दौला आपल्या बाजूला आला असता तर! राजपूत बसून राहिले नसते तर! मग कुणीतरी आत्याबाईच्या मिशांची म्हण टाकतो, काका चिडतात, आणि चर्चा शेवटी फितुरीवर येऊन थांबते. कोणी दगा दिला, एवढं ठरलं की इतिहास संपला.

माझा राग 'जर-तर'वर नाही. जर-तर केल्याशिवाय कुठल्या गोष्टीला किती वजन होतं ते कळत नाही. पण 'तो का आला नाही' हे विचारताना आपण त्याच्याकडे निष्ठा मागतो. त्याच्या हातावर काय ठेवायला तयार होतो, हे विचारत नाही. आणि हा प्रश्न विचारायला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. तिथे प्रत्येक सौद्याची किंमत कागदावर लिहिलेली आहे.

माझ्या मते जर्मनीचं एकीकरण प्रशियाच्या हातून झालं, त्याची खरी कळ १८६६ किंवा १८७० मध्ये नाही, १८५४ मध्ये आहे. १८४९ साली हंगेरीच्या बंडाने ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडायला आलं होतं. रशियाचा झार निकोलस पहिला याने सैन्य पाठवून ते वाचवलं आणि मोबदल्यात जमीनही मागितली नाही. पाच वर्षांत क्रिमियाचं युद्ध पेटलं, एकीकडे रशिया, दुसरीकडे तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स. ऑस्ट्रियाने रशियावर सीमेवरून सैन्याचा दबाव आणला, आजच्या रुमानियातले प्रांत रिकामे करायला लावून तिथे आपली फौज घातली, आणि २ डिसेंबर १८५४ ला ब्रिटन-फ्रान्सशी करारही केला. बरं, करार करून त्यांच्या बाजूने लढला का? तोही नाही. म्हणजे जुना मित्र दुखावला आणि नवा जोडलाही नाही. याउलट इटलीतल्या छोट्या पीडमाँट राज्याने काही देणं-घेणं नसताना हजारो माणसं क्रिमियाला पाठवली आणि फ्रान्सच्या खात्यात आपलं येणं लिहून ठेवलं.

ते येणं पाच वर्षांत वसूल झालं. १८५९ मध्ये फ्रान्स आणि पीडमाँट ऑस्ट्रियावर चालून गेले; माजेंता, सोल्फेरिनोच्या लढाया हरून ऑस्ट्रियाच्या हातचा लोम्बार्डी प्रांत गेला. रशिया बघत राहिला. १८४९ सारखा तो धावून आला असता तर फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याची छाती झाली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे. पण तो का यावा?

आता १८६६. इथे आजोबांचं 'बायर्न' मला फार लहान वाटतं. बव्हेरियाची फौज आली असती तर हानोफरचं सैन्य कदाचित दक्षिणेला निसटलं असतं, पण राज्य वाचलं नसतं. ते प्रशियाच्या पूर्व-पश्चिम मुलखांच्या बरोब्बर मध्ये पडत होतं. खरं मोठं 'तर' आल्प्सच्या पलीकडे होतं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने ८ एप्रिल १८६६ ला इटलीशी करार केला, मुदत फक्त तीन महिने. त्या मुदतीत प्रशिया लढली तर इटलीनेही लढायचं, बक्षीस ऑस्ट्रियाच्या ताब्यातला व्हेनेशिया प्रांत. गंमत म्हणजे हा व्हेनेशिया इटलीने आदल्या वर्षी पैसे मोजून विकत मागितला होता. व्हिएन्नाने नकार दिला, सम्राटाच्या मानाचा प्रश्न होता म्हणून. मेमध्ये पाणी गळ्याशी आल्यावर तोच प्रांत इटलीला तटस्थ राहण्याच्या बदल्यात देऊ केला. तोवर इटलीने सही केलेली होती. त्यावर कडी म्हणजे १२ जूनला ऑस्ट्रियाने फ्रान्सला गुपचूप लिहून दिलं की युद्धाचा निकाल काहीही लागो, व्हेनेशिया आम्ही सोडतो! म्हणजे जो प्रांत जिंकूनही जायचा होता, त्यासाठी ऑस्ट्रियाचे पाऊण लाखाच्या घरातले सैनिक दक्षिणेत अडकले. त्यांनी २४ जूनला कुस्तोझाला इटलीला हरवलंसुद्धा. नऊ दिवसांनी उत्तरेत क्योनिगग्रेट्झला त्यांचेच भाऊबंद मारले जात होते.

हे सैन्य उत्तरेला असतं तर? त्या लढाईत दोन्हीकडे दोन लाखांच्या वर माणसं होती, आणि प्रशियाचा युवराज आपली फौज घेऊन दुपारी पोचेपर्यंत ऑस्ट्रियाचं फारसं वाईट चाललं नव्हतं. दक्षिणेतल्या आणखी तीन कोअर (सैन्याचे मोठे विभाग) हाताशी असत्या तर दिवस वेगळा उगवला असता, असं म्हणायला जागा आहे. शिवाय सेनापती बेनेडेक. त्याची बरीचशी कारकीर्द इटलीत गेलेली, तिथली भूमी तळहातासारखी माहीत. त्याला उत्तरेला पाठवलं आणि दक्षिण सम्राटाच्या नात्यातल्या आल्ब्रेख्टला दिली. लढाईच्या दोन दिवस आधी बेनेडेकने सम्राटाला तार केली, की वाटेल ती किंमत देऊन तह करा, सैन्याचा विनाश अटळ आहे. सम्राटाने उलट विचारलं, एखादी लढाई झाली का? माणूस हरण्याआधीच हरला होता.

म्हणून माझ्याच 'तर'ला मी फार उंच चढवत नाही. ऑस्ट्रियाचा शिपाई अजून ठासणीची बंदूक उभ्याने भरत होता. प्रशियाचा शिपाई मागून काडतूस घालून झोपल्या झोपल्या दोन-तीनपट गोळ्या झाडत होता. प्रशियाकडे आघाडीवर जायला पाच रेल्वेमार्ग होते, ऑस्ट्रियाकडे व्हिएन्नाहून उत्तरेला एक. मित्र वाढले की तोंडंही वाढतात, आणि एका मार्गावरून त्यांना किती पाव पोचला असता? आमच्या काकांच्या ग्रुपवरही हाच मुद्दा कधी येत नाही. पानिपतावर महिनोन्महिने अडकलेल्या, उपाशी पडलेल्या छावणीत सूरजमलची फौज आली असती तर तिला खायला काय घातलं असतं? अर्थात तो सोबत असता तर त्याच्या मुलखातून रसद आली असती, असं काका म्हणतील, आणि तो मुद्दा मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र लढायांच्या गोष्टींत नेहमी सुटते. १८३४ पासून बहुतेक जर्मन राज्यं प्रशियाच्या जकात संघात, म्हणजे आपसात जकात न घेणाऱ्या गटात, होती आणि ऑस्ट्रिया बाहेर होता. १४ जून १८६६ ला फ्रांकफुर्टला जर्मन राज्यांच्या संघसभेत प्रशियाविरुद्ध ९ विरुद्ध ६ मतं पडली, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, सगळे ऑस्ट्रियाच्या झेंड्याखाली लढायला निघाले. आणि युद्ध चालू असताना जकात संघाचं काम सुरूच राहिलं! बंदुका एकीकडे, गल्ला दुसरीकडे. बव्हेरियाचे पाय लांगेनझाल्झाच्या वाटेवर का जड झाले, त्याचं निम्मं उत्तर मला त्या गल्ल्यात दिसतं. सगळं नाही.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाचा हिशेबही तसाच. फ्रान्सला वाटत होतं ऑस्ट्रिया सूड घेईल, इटली उपकार फेडेल. इटलीला हवं होतं रोम, आणि रोममध्ये पोपच्या रक्षणाला फ्रेंच शिपाई बसलेले. ते हलवायला नेपोलियन तयार नव्हता. हलवले तेव्हा उशीर झाला होता. ऑस्ट्रियात हंगेरीच्या मुत्सद्द्यांना जर्मनीत पुन्हा हात घालायचाच नव्हता. आणि व्हिएन्नाच्या डोक्यावर रशिया उभा होता, १८५४ न विसरलेला. ६ ऑगस्टला वर्थला फ्रेंच हरले आणि सगळ्यांनी खिशात हात घातले. दक्षिणेतली जर्मन राज्यं, चार वर्षांपूर्वीची शत्रू, प्रशियाच्या बाजूने लढली, कारण बिस्मार्कने हरलेल्यांना लुबाडण्याऐवजी १८६६ च्या ऑगस्टमध्येच त्यांच्याशी गुप्त संरक्षण करार केले होते. हानोफरला आणि फ्रांकफुर्टला मात्र तसं मोठं मन दाखवलं नाही. रशियाने ऑक्टोबरमध्ये काळ्या समुद्रावरची क्रिमियाच्या तहाची बंधनं झुगारून आपली दलाली घेतली.

आजोबांचं शेवटचं अस्त्र ठरलेलं असतं: ऑस्ट्रिया जिंकला असता तर हिटलर झाला नसता. इथे मी त्यांच्याशी भांडते. सत्तर वर्षं पुढची गोष्ट एका लढाईला टांगायची म्हणजे मधल्या सगळ्यांना निर्दोष सोडायचं. त्या सत्तर वर्षांत किती माणसांनी किती वेळा मत दिलं, सही केली, गप्प बसली.

इथली माणसं शहाणी म्हणून हे भांडण कॉफीवर संपतं, असं मात्र मी घरी कधी लिहिणार नाही. हानोफरच्या राजघराण्याचा पक्ष पुढे कित्येक दशकं राइशटागमध्ये, म्हणजे जर्मनीच्या संसदेत, निवडून येत होता. १९२४ मध्ये प्रशियातून फुटण्यासाठी मतदानसुद्धा झालं, ते फसलं. मग १९४७ मध्ये प्रशियाच उरली नाही. भांडायला समोर कोणी नाही, म्हणून गोड वाटतं. आमच्या ग्रुपवरची गोष्ट तशी नाही. तिथे सूरजमलचं नाव निघालं की दोन मेसेजांनंतर ते आजच्या जिवंत माणसांच्या जातीवर जातं, आणि माझ्या पहाटेच्या झोपेपेक्षा मला त्याचा त्रास जास्त होतो. पानिपतानंतर पळून आलेल्या मराठ्यांना याच सूरजमलने आसरा आणि अन्न दिलं, हे मी दरवर्षी टाकते. दरवर्षी त्यावर दोन निळ्या खुणा येतात आणि मग काकू तिळगुळाचा फोटो टाकते.

गेल्या रविवारी आजोबांनी विचारलं, "मग तुमचे बायर्न कोण?" मी सूरजमलपासून सुरुवात केली. मग शुजा, ज्याच्या बापाशी आपला करार होता, तो नजीबखानाने अब्दालीकडे ओढून नेला. मग जयपूर, जिथे मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याखाली १७५० मध्ये राजा ईश्वरीसिंहाने जीव दिला होता, आणि दहा वर्षांनी आपण तिथून मदतीची वाट पाहत होतो. इथवर आले तेव्हा आजोबांची कॉफी गार झाली होती. "आणि त्यांनी तुम्हाला पैसे द्यायचे होते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, थकबाकी होती. ते उठले आणि टोमॅटोला पाणी घालायला गेले.