मरीनचा तो अभ्यास पूर्ण वाचा, मग फॉरवर्ड करा

घरच्या ग्रुपवर परवा मामांनी तो मेसेज टाकला, "अमेरिकेतल्या संशोधनाने सिद्ध झालंय, बायका लष्करात टिकत नाहीत." असले मेसेज मी एरवी सोडून देते, पण यावेळी आईने तो माझ्या भाचीला वाचून दाखवला. पोरगी अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतेय, पहाटे पाचला ग्राउंडवर असते, दोर चढून चढून तळहाताची सालटी निघालीत. आणि आजी तिला म्हणते, "मग कशाला जीव काढतेस गं?" संतापच आला.

संशोधन झालंय, हे खरं. २०१५ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने (समुद्रातून उतरून लढणारं त्यांचं वेगळं सैन्यदल) बायका-पुरुषांच्या मिश्र तुकड्या आणि फक्त पुरुषांच्या तुकड्या यांची तुलना केली. १३४ पैकी ९३ कामांत पुरुषांच्या तुकड्या पुढे होत्या. आठ फुटी भिंत ओलांडताना पुरुष आपली सॅक सरळ वर फेकायचे, बायकांना ती वर चढवायला बऱ्याचदा मदत लागायची. दुखापतीही बायकांना जास्त झाल्या. मान्य.

पण मामा, ही तुकड्यांची सरासरी आहे हो, एकेका सैनिकाचं मोजमाप नाही. त्यात कित्येक पुरुष आधीच लढाऊ युनिटमध्ये मुरलेले आणि बायका बऱ्याचशा नुकत्या ट्रेनिंग करून आलेल्या, मग फरक पडणारच ना. भरती काय सरासरीची होते का? ज्याला जमतं त्याला घेतात, ज्याला नाही त्याला नाही, मग तो बाप्या असो की बाई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर या दोघी अमेरिकन आर्मीचं रेंजर स्कूल (तिथलं अत्यंत खडतर लढाऊ प्रशिक्षण) पास झाल्या, आणि डिसेंबरमध्ये, हा अभ्यास समोर असतानाच, तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी सगळ्या लढाऊ जागा बायकांना खुल्या केल्या. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. शिवाय तो अभ्यास लढाऊ तुकड्यांचा, आपल्याकडे इन्फंट्री (पायदळ) आणि रणगाडे बायकांना अजून बंदच आहेत, मग तो सिग्नल्स (संदेशवहन) किंवा इंजिनिअर्स या लष्करी शाखांमधल्या बाईला कुठून लावता?

पुढे लिहिलंय, "खेड्यातले जवान बाईची ऑर्डर मानत नाहीत." हेच म्हणणं सरकारने सुप्रीम कोर्टात मांडलं होतं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. त्याच निकालात लष्करी अधिकारी सोफिया कुरेशींचं उदाहरण दिलंय, २०१६ मध्ये इथे पुण्यात झालेल्या 'फोर्स १८' या अनेक देशांच्या लष्करी सरावात भारताच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं, जमलेल्या सगळ्या देशांत तुकडीप्रमुख बाई त्या एकट्याच. त्यांच्या ऑर्डरी जवानांनीच पाळल्या ना?

राहिलं "एनडीएत मुलींना सवलत". उंचीचे, शारीरिक निकष वेगळे आहेत, खरंय. लेखी पेपर मात्र एकच. ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या, तीन वर्षं तिथे घासून.

मामा, तो मेसेज डिलीट करू नका. त्याच्याखालीच हे टाका, आई तिथेच वाचते.