ऑक्सेल तोडायला सांगणारा फॉरवर्ड

माझी मावसबहीण दक्षिण स्वीडनमध्ये राहते. तिच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ऑक्सेलची, म्हणजे स्वीडिश व्हाइटबीम या झाडाची, जुनी रांग आहे. तिला एक फॉरवर्ड आला आणि ती खरोखर झाडं काढायचा विचार करू लागली. त्यात म्हटलंय: हे माणसाने शोभेसाठी बनवलेलं संकरित झाड, बी वांझ, कीटक-पक्ष्यांना निरुपयोगी, फळं विषारी, तोडा आणि ‘खरं’ झाड लावा.

संकरित आहे, मान्य. रोवन आणि साधा व्हाइटबीम या झाडांसह तीन जातींचा वारसा त्यात आहे. पण हा संकर निसर्गातच झाला, रोपवाटिकेत नव्हे. दक्षिण स्वीडन, डेन्मार्कचं बॉर्नहोम बेट, बाल्टिक समुद्राचा किनारा हे त्याचं मूळ घर. बागांमध्ये ते नंतर गेलं.

‘वांझ बी’ वाचून तर संतापच आला. बी वांझ असतं तर ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला लावलेलं हे झाड रानात पसरलं कसं? त्याचं बी बहुतेक वेळा फलनाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईची जवळजवळ नक्कल असतं. सगळी झाडं अशी सारखी असली की नवा रोग त्यांना एकदम गाठू शकतो, एवढं फॉरवर्डवाल्याच्या पदरात टाकतो. पण फलन नसलं तरी परागकण लागतातच. त्यांच्याशिवाय बियांतला भ्रूणपोष, म्हणजे कोवळ्या रोपासाठीचा अन्नसाठा, तयार होत नाही आणि बी भरत नाही. म्हणजे पांढऱ्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या, माश्या, भुंगेरे यांच्यावाचून या झाडाचं चालत नाही. आणि म्हणे कीटकांना निरुपयोगी!

पक्ष्यांचं म्हणाल तर लालसर फळं थ्रश आणि वॅक्सविंग खातात, बिया दूर नेऊन टाकतात. विषाचं म्हणाल तर बियांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, तसं ते सफरचंदाच्या बियांतही असतं. बिया कुणी चावत बसू नये, इतकंच.

खरा धोका ‘तोडा’ या सल्ल्यात आहे. स्वीडनच्या पर्यावरण कायद्यात रस्त्याकडेच्या किंवा मोकळ्या माळावरच्या वृक्षरांगांना अधिवास म्हणून संरक्षण आहे. पानझडी झाडं किमान पाच हवीत आणि त्यांतली बहुतांश प्रौढ, म्हणजे छातीच्या उंचीवर 20 सेंटिमीटर व्यासाची किंवा 30 वर्षांची. बहिणीची रांग या व्याख्येत सहज बसते. जिल्हा प्रशासनाची सूट न घेता तिने एकही झाड पाडलं, तर कायद्याला उत्तर तिलाच द्यावं लागेल, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नाही.