रेल्वे सरकारी झाली, पण स्वस्त तिकिटाचं काय?

आज दुपारी ग्रुपवर परत तोच मेसेज, ब्रिटनची रेल्वे आता आपली झाली, आता तिकिटं स्वस्त होणार, आणि खाली टाळ्यांची रांग. मीही टाळी दिली असती, रेल्वे सरकारी व्हावी असं मला कायम वाटायचं आणि तुमच्यापैकी बहुतेकांनाही वाटायचं. पण त्याच वेळी मी भाचीसाठी तिकीट शोधत होते आणि माझं डोकं सणकलं. मागच्या वर्षी ज्या शुक्रवारच्या गाडीचं ॲडव्हान्स, म्हणजे आगाऊ काढायचं एकाच गाडीचं स्वस्त तिकीट, 15 पौंडांना मिळायचं, त्याच गाडीला सगळ्यात खालचा आकडा 48! कुठली कंपनी ते लिहीत नाही, मुद्दा तो नाहीये.

भाची इथे मास्टर्सला आली तेव्हापासून तिचं आमच्याकडे येणं याच तिकिटावर चालायचं. बुकिंग साधारण 12 आठवडे आधी उघडतं, ते उघडलं की ही लॅपटॉप घेऊन बसणार, रेलकार्ड, म्हणजे सवलतीचं कार्ड, लावून एक तृतीयांश कमी करून घेणार, आणि मग फोन, "मावशी, मिळालं!" बदल्यात तीच गाडी धरायची, चुकली तर पैसे गेले. तरी पोरगी खूश असायची. खालच्या दराच्या सीट संपल्या की कंप्युटर वरच्या दरावर सरकतो, आणि त्या सीट मुळात किती ठेवल्या होत्या हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आता भाडं गोठवलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनो, जरा नीट वाचा. इंग्लंडमध्ये मार्च 2027 पर्यंत जे गोठवलंय ते सरकारच्या नियंत्रणातलं भाडं, म्हणजे सीझन तिकीट, ऑफ पीक (गर्दी नसलेल्या वेळेचं) रिटर्न वगैरे. ॲडव्हान्स त्यात नाहीच! ते कालही कंपनीच्या मर्जीवर होतं आणि आजही आहे. 2025 मध्ये मे महिन्यात साऊथ वेस्टर्न ही रेल्वे कंपनी सरकारकडे आली, जुलैत सीटूसी, ऑक्टोबरात ग्रेटर अँग्लिया, पण म्हणून ॲडव्हान्सला कुठलं संरक्षण मिळालं? आणि खरं तर कोविडपासूनच इंग्लंडमधल्या बहुतेक कंपन्यांच्या तिकिटाचा पैसा सरकारच्याच खिशात जातोय, कंपनीला फक्त फी. म्हणजे जास्त भाडं काढायची घाई तेव्हाही ट्रेझरीला, म्हणजे सरकारच्या अर्थखात्याला, होती आणि आजही ट्रेझरीलाच आहे, डब्यावरची पाटी बदलून ती कशी जाईल?

लंडन ते एडिनबरा गाड्या चालवणारी एलएनईआर कंपनी बघा. जून 2018 पासून सरकारी. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनीच लंडन ते न्यूकासल, बेरिक, एडिनबरा या प्रवासाची ऑफ पीक तिकिटं काढून टाकली, नाव काय तर भाडं सोपं करतोय. आता एक तर ॲडव्हान्स घ्या, नाहीतर त्यावर पैसे टाकून 70 मिनिटं मागेपुढे जायची सूट घ्या, नाहीतर एनीटाइमचा, म्हणजे कुठल्याही वेळेला चालणाऱ्या महाग तिकिटाचा, दणका सोसा. ज्याला आई आजारी पडल्याचा फोन सकाळी येतो त्याने काय करायचं? 12 आठवडे आधी आजारपण बुक करायचं का?

हो, त्याच लाइनवर लुमो आहे, खाजगी आहे आणि तिची तिकिटं बरेचदा स्वस्त असतात, हे मला मान्य करायला आवडत नाही पण आहे. आणि सरकारला अशा कंपन्या नको आहेत, म्हणे आपलं उत्पन्न खातात. ठीक आहे, नको तर नको, पण मग ते स्वस्त तिकीट तुम्ही द्या ना! खाजगीकरणाआधी ब्रिटिश रेलसुद्धा एपेक्स नावाने आगाऊ स्वस्त तिकीट द्यायचीच, तेव्हा सरकारी गाडीला हे जमत नाही असं कोणी सांगू नये.

आणि जमतं हे स्कॉटलंडने दाखवलंय. स्कॉटरेल एप्रिल 2022 मध्ये सरकारी झाली, 1 सप्टेंबर 2025 पासून पीक, म्हणजे गर्दीच्या वेळेचं, जादा भाडं कायमचं बंद, सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला जादा दंड नाही. हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं, म्हणून तर आज जास्त लागलं.

भाचीला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाली, असू दे मावशी, मी कोचने येते, रात्रीची बस स्वस्त पडते. तिची काही तक्रार नाही. पण परीक्षा संपवून आलेल्या पोरीने रात्रभर बसमध्ये अवघडून बसायचं आणि तीच गाडी अर्धी रिकामी धावायची, ही आपली रेल्वे? स्टेशनवरच्या माणसांवर माझा राग नाही, ती बिचारी आपल्यासारखीच त्या स्क्रीनकडे बघत असतात.

मी आज रात्री एमपीला मेल टाकतेय. दोनच मागण्या: प्रत्येक लांबच्या गाडीत खालच्या दराच्या किती सीट आहेत ते जाहीर करा, आणि ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही नवी सरकारी रेल्वे संस्था आल्यावर तो आकडा कमी करायचा नाही असं लेखी द्या. मजकूर खाली कमेंटमध्ये टाकते, कॉपी करा, आपला पोस्टकोड घाला आणि पाठवा. टाळ्या नंतर वाजवू.