म्हणे, दोन दिवस ताटच वाढू नका!

नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. ॲनोरेक्सिया (खाण्याच्या भीतीनं उपाशी राहून खंगत जाण्याचा मानसिक आजार) हे श्रीमंतांचं पाश्चात्त्य खूळ आहे. मुलीचा मोबाइल काढून घ्या, दोन दिवस ताट वाढू नका, भूक लागली की मुकाट्यानं जेवेल. नाहीच जेवली तर धरून तुपाचे लाडू भरवा. वर पुरावा काय, तर आजारी मुलगी दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघेल का? माझ्या भाचीवर याच आजाराचे उपचार चालू आहेत आणि हे वाचून वहिनी डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करायला निघाली. म्हणून लिहिते आहे.

आधी तो ‘पुरावा’. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्श्यानं उतरलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटातलं चिवडत राहू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजायची. बारीक दिसण्याची हौस त्यांना नव्हती. उपासमारीनं मेंदू असाच वागतो. भाची पोळीचे नखाएवढे तुकडे करून आमटीच्या वाटीभोवती फिरवत बसते, सगळ्यांसाठी केक करते आणि स्वतः चाखत नाही. हे नाटक नाही हो! भूक असते, पण खाण्याची भीती भुकेपेक्षा मोठी असते. अशा मुलीचं ताट बंद करणं म्हणजे आजाराला हवं तेच हातात देणं.

लाडवांचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाचा आहार डॉक्टर रक्त तपासत तपासत वाढवतात.

पाश्चात्त्य खूळ? भारतातल्या आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी असे रुग्ण कितीतरी वर्षांपूर्वी नोंदवलेत. त्यातले बरेच ‘मी जाड आहे’ म्हणतही नाहीत, ‘पोट गच्च वाटतं’ म्हणतात. मुलगेही असतात.

मोबाइलचं थोडं खरं आहे, मान्य. बारीक होण्याचे व्हिडिओ आगीत तेल ओततात. पण लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला नाव दिलं ते 1874 मध्ये, तेव्हा कुठे होते मोबाइल?

मुलगी झपाट्यानं वाळतेय, पाळी थांबलीय, जेवण टाळतेय, असं दिसलं तर फिजिशियनकडून नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम-फॉस्फरस तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. चक्कर येऊन पडली किंवा नाडी फारच मंद लागली तर थेट इस्पितळ गाठा. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली पद्धत आहे: काय आणि किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसतात, न ओरडता. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.