कळलावीचा फोटो काढताना आजूबाजूची जाळी तोडू नका

पावसाळ्यात अग्निशिखेचे, म्हणजेच कळलावीचे फोटो सगळीकडे दिसायला लागतात. बहुतेकांत मागे काळंकुट्ट आणि मधे एकच लालभडक फूल. फूल देखणंच आहे, पण ही वेल वाढते कुठे, कशाच्या आधाराने, याचा पत्ताच लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: करवंदीची जाळी, बांधावरचं गवत, मागचा डोंगर फोटोत आलाच पाहिजे.

कळलावीच्या पानाचं टोक लांबत जाऊन त्याचा ताणा होतो आणि तो शेजारच्या काटकीला विळखा घालतो. 'फ्रेम साफ' करायला ती काटकी मोडली की वेल लोंबकळते, नाजूक खोडही मोडू शकतं. काढायचा फोटो तर त्या विळख्याचा काढा!

१०० मिमी मॅक्रोने (अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सने) फूल उत्तम येतं, परिसर मात्र हरवतो. २४ मिमीच्या आसपासची लेन्स घ्या, फुलापासून फूटभर अंतर ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. फूल खाली मान घालून असतं, पाकळ्या उलट वर वळलेल्या, म्हणून कॅमेरा फुलाच्या पातळीवर किंवा जरा खाली हवा. फोकस जवळच्या परागकोशांवर.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते लाल रंगामुळे. एकूण हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा आलेख उजव्या टोकाला आदळलेला असतो, म्हणजे लाल रंग जास्त उजळलेला असतो. मग पाकळ्यांच्या सुरकुत्या जाऊन नुसता लाल डाग उरतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा, एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. नवं फूल हिरवट-पिवळं असतं, जुनं होताना लाल होतं. एकाच वेलीवर दोन्ही दिसली तर दोन्ही घ्या.

वेल वाऱ्यावर सतत हलते. शटर किमान १/२५० सेकंद, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. पोलरायझर या लेन्सवर लावायच्या फिल्टरने ओल्या पानांची चकाकी जाते, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो. वारा असेल तर पोलरायझर काढून ठेवा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

पूर्ण झाड विषारी आहे, कंद तर फारच. हात लागला तर धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

आणि सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) दिपकाडीसारखं दुर्मीळ रानफूल मिळालं तर फोटो जरूर टाका, पण नेमकी जागा लिहू नका आणि फाइलमधलं जीपीएस आधी काढून टाका.