‘हरित घर बांधा, सव्वाचार लाख मिळवा’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या भागात, म्हणजे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत, एक संदेश व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘नवीन घर बांधणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी. ऊर्जाबचतीचे प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक घराला सरकार सव्वाचार लाख रुपये देते. शिवाय बांधकाम वाढवून मिळते, घरटॅक्स माफ होतो, बँक कमी व्याजाने कर्ज देते आणि छतावरच्या सौर पॅनेलचे ७८ हजार वेगळे. खर्च एक रुपयाही वाढत नाही. नोंदणी मर्यादित.’ मी तालुक्याच्या ठिकाणी घरांचे नकाशे आणि अंदाजपत्रके करून देतो, त्यामुळे आठवड्यातून एखादा तरी माणूस मोबाईल पुढे करून विचारतो, ‘भाऊ, हे खरं आहे का जी?’ एकाने तर विचारायला येण्यापूर्वीच नोंदणीचे म्हणून पाच हजार रुपये कोणाला तरी पाठवले होते आणि त्यानंतर तो क्रमांक लागतच नव्हता. गव्हात खडे असले तर ते निवडता येतात. या संदेशात खड्यांत गहू मिसळलेले आहेत, म्हणून प्रत्येक विधान सुटे करूनच पाहावे लागते.

पहिले विधान सव्वाचार लाखांचे. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नसावा, कारण तो एका खऱ्या तरतुदीशी तंतोतंत जुळतो. फक्त ती तरतूद भारतातली नाही. अमेरिकेच्या आयकर कायद्यात ‘४५ एल’ नावाचे कलम २००५ च्या ऊर्जा कायद्याने आले. त्या वेळी ऊर्जाबचत करणाऱ्या नव्या घरामागे २,००० डॉलरची करसवलत होती. २०२२ च्या कायद्याने तिची फेररचना झाली आणि २०२३ पासून ‘एनर्जी स्टार’ प्रमाणित स्वतंत्र घरासाठी २,५०० डॉलर, तर त्याहून कठोर ‘झीरो एनर्जी रेडी’ प्रमाणपत्र असलेल्या घरासाठी ५,००० डॉलर अशी ती ठरली. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर ५,००० डॉलरचे सव्वाचार लाख होतात. कोणीतरी गुणाकार केला आणि देशाचे नाव गाळले, असे मानायला पुरेशी जागा आहे.

पण त्या तरतुदीतही ‘खात्यात पैसे’ असा प्रकार नाही. ती सवलत घरात राहणाऱ्याला मिळत नाही, घर बांधून विकणाऱ्या व्यावसायिकाला मिळते. आणि तीही रोख नसते, त्याने भरावयाच्या आयकरातून वजा होते. त्यासाठी तटस्थ तपासनीस घराची मोजणी करतो, हवेची गळती तपासतो आणि मगच प्रमाणपत्र देतो. शिवाय ही तरतूद आता कायद्यानेच आटोपती घेतली गेली आहे : जुलै २०२५ मधील दुरुस्तीनुसार ३० जून २०२६ नंतर खरेदीदाराच्या ताब्यात जाणाऱ्या घरांना ती लागू होत नाही. आपल्याकडे उद्या कोणी हीच तरतूद जशीच्या तशी आणली, तरी ज्याचे सारे उत्पन्न शेतीचे आहे आणि म्हणून ज्याला आयकरच लागत नाही, त्याच्या हाती शून्यच येईल, कारण जो कर भरायचाच नाही त्यातून वजा काय करणार? भारतात प्रमाणित घराच्या मालकाला अशी सरसकट रोख रक्कम देणारी केंद्राची योजना नाही, हे या विधानाचे सरळ उत्तर आहे.

वाढीव बांधकामाचे विधान मात्र खरे आहे, आणि तरीही आपल्या गावात ते निरुपयोगी आहे. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते त्या प्रमाणावर, मानांकनाच्या पायरीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा क्षेत्र देण्याची तरतूद आहे. निर्देशांक १ धरला, तर १०० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्वांत वरच्या पायरीलाही ७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५ चौरस फूट जादा मिळतात. नागपुरात बहुमजली इमारत उभारणाऱ्याला प्रत्येक जादा फूट विकता येतो, म्हणून त्याच्या दृष्टीने हे रोख पैसेच आहेत. गावठाणात एकमजली घर बांधणारा माणूस मूळ क्षेत्रच पूर्ण वापरत नाही, तेव्हा त्याला वाढवून दिलेले क्षेत्र म्हणजे जेवून उठलेल्यापुढे ठेवलेले दुसरे ताट आहे. घरटॅक्सचेही तेच. पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेने ‘ग्रिहा’ या हरित मानांकनाच्या इमारतींना मालमत्ता करात सवलत दिलेली आहे. ती त्या महापालिकेच्या हद्दीतील बाब आहे आणि तिच्या आधारावर आपल्या ग्रामपंचायतीकडे माफी मागता येत नाही.

बँकेच्या व्याजाबाबत थोडा हिशेब केला की बोलणे संपते. काही बँका प्रमाणित हरित प्रकल्पातील घरांच्या कर्जावर व्याजात सूट देतात, पण ती टक्क्याच्या अंशांत असते. १० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये येतो, व्याज ०.१० टक्क्याने उतरले तर तो ८,६१५ होतो. महिन्याला ६३ रुपयांच्या या फरकातून प्रमाणपत्राचे शुल्क आणि सल्लागाराची फी कधी भरून निघणार, हे ज्याचे त्याने मोजावे. त्याहून मोठी अडचण कर्ज मिळण्याचीच आहे. गावठाणातल्या जागेला वर्षानुवर्षे ‘नमुना ८’ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या करनोंदीच्या, उताऱ्याखेरीज कागद नव्हता आणि तेवढ्यावर गृहकर्ज द्यायला बँका कां-कूं करतात. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हा यातला खरा बदल आहे. ज्याला कर्ज काढायचे आहे त्याने हरित प्रमाणपत्राच्या मागे लागण्याआधी ती पत्रिका हातात आली आहे का, ते पाहावे.

सौर पॅनेलचे ७८ हजार खरे आहेत, परंतु संदेशात ते चुकीच्या खुंटीला टांगले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार अशी मदत असून ७८ हजार ही तिची कमाल मर्यादा आहे. या मदतीसाठी घर नवे असण्याची गरज नाही आणि हरित प्रमाणपत्राचीही नाही. घरगुती वीजजोडणी आणि पॅनेल बसू शकेल असे छत हवे. पॅनेल बसून यंत्रणा चालू झाल्यावरच ही रक्कम खात्यात येते, म्हणून सुरुवातीचा खर्च स्वतःला किंवा कर्जातून करावा लागतो. ज्या घराचे मासिक बिल साठ-सत्तर युनिटांचे आहे त्याने ७८ हजारांच्या मोहाने तीन किलोवॉट बसवणे म्हणजे दोन एकरांच्या शेतीसाठी ट्रॅक्टर घेणे होय. त्याला एक किलोवॉट पुरते आणि त्याची मदत ३० हजार आहे.

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत नुकसान करणारे विधान : ‘खर्च एक रुपयाही वाढत नाही’, कारण, संदेशाच्या पुढच्या ओळीत म्हटल्याप्रमाणे, ‘सिमेंटचे पक्के घर हेच ऊर्जाबचतीचे घर’. हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यात आमच्याकडे एक रात्र काढलेली नाही. मागच्या वर्षी एका घरकुलाच्या भिंतीला गेलेली चीर पाहायला मी रात्री नऊच्या सुमारास गेलो होतो. आत खुर्चीवर चढून स्लॅबला खालून तळहात लावला, तो क्षणभरही ठेवता आला नाही. कूलर चालू होता, पण त्याच्या टाकीत पाणी नव्हते, कारण टँकर दोन दिवसांआड येत होता आणि आलेले पाणी कूलरला घालायचे की गुरांना, हा प्रश्न त्या घरापुरता सुटलेला होता. नव्या खोलीत कापसाचे बोंदरे आणि धान्याच्या कोठ्या ठेवलेल्या होत्या. माणसे शेजारच्या जुन्या कवेलूच्या घरात आणि ओट्यावर बाजा टाकून झोपली होती.

यात गूढ काही नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ते खाली सोडतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली, तिच्यात छतातून आत शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा, म्हणजे ज्याला ‘यू मूल्य’ म्हणतात ती, दर चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॉट अशी आहे. पाच इंची उघड्या स्लॅबचे गणित मांडले तर हे मूल्य तीनच्या वर जाते, म्हणजे मर्यादेच्या अडीच ते तीन पट. तेव्हा पक्के घर आपोआप ऊर्जाबचतीचे होते हे म्हणणे त्या संहितेच्याच मापाने खोटे ठरते. शिवाय ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी लिहिलेली आहे. किमान २५ चौरस मीटरचे घरकुल, ज्याला मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा नक्षलप्रभावित म्हणून निश्चित केलेल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार मिळतात, ते या मोजपट्टीच्या खाली, तिच्या नजरेबाहेरच राहते. प्रमाणपत्राची शिडी जिथे सुरू होते तिथपर्यंत आपले घर पोहोचतच नाही, आणि ज्याला गारव्याची सर्वांत जास्त गरज आहे तो नेमका त्या शिडीच्या पायथ्याशी उभा आहे, ही माझी या सगळ्या प्रोत्साहनांविषयीची खरी तक्रार आहे.

विटांबद्दलही एक गैरसमज इथेच दूर करावा. चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात आणि त्या वापरणे चांगलेच, कारण त्यासाठी शेतातली माती भाजावी लागत नाही. पण त्यांनी घर गार होते, असे विक्रेता सांगतो ते फारसे खरे नाही. संहितेच्या तक्त्यात भाजक्या विटेची उष्णतावाहकता, म्हणजे उष्णता आरपार सोडण्याचे माप, ०.९८ आहे आणि राखेच्या विटेची सुमारे ०.८६. फरक पडतो तो एएसी ब्लॉकने, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याने, त्याची वाहकता ०.१८ च्या आसपास असते; तो ब्लॉक निदान पश्चिमेच्या भिंतीला तरी लावावा, असे मी सुचवतो. छताला दीड इंच थर्मोकोलसारखा रोधक थर घालून वर फरशी केली तर संहितेची मर्यादा सहज गाठता येते. त्याला पैसे लागतात, आणि ते लागत नाहीत असे सांगणे ही फसवणूक आहे. ज्याच्याजवळ तेवढे नाहीत त्याने दर मार्चमध्ये स्लॅबला पांढरा चुना दोन हात मारावा, कारण करडे सिमेंट बहुतेक ऊन शोषून घेते आणि ताजा चुना त्यातले बरेचसे परत फिरवतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून हे दरवर्षीचे काम आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘शीत छत धोरण’ आणून सरकारी इमारतींना आणि ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या निवासी भूखंडांना अशी छते बंधनकारक केली. तिथेही लहान घरे ऐच्छिक गटातच आहेत, पण निदान विषय छताचा आहे हे त्यांनी ओळखले.

सेवाग्रामचे १९३६ मधले आदि निवास ज्यांनी पाहिले आहे त्यांना मातीच्या जाड भिंती, कवेलू आणि खोल पडव्या यांनी दुपार कशी अडवता येते, हे वेगळे सांगायला नको. त्या घराचा आदर करूनही मी कोणाला कवेलूकडे परत जा म्हणत नाही. माकडांनी दर आठवड्याला फोडलेले कवेलू आणि मृगाआधी ते फेरायला न मिळणारा माणूस या दोन गोष्टी सोसलेल्याला स्लॅब का हवा असतो, ते मला चांगले कळते. स्लॅब घाला, पण त्याचे ऊन अडवा, एवढेच म्हणणे आहे. विजेचे बिल उतरवायचे असेल तर पंख्यापासून सुरुवात करावी : ७५ वॉटचा जुना पंखा बदलून ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा लावला आणि तो दिवसाला १५ तास चालला, तर महिन्याला २० युनिट वाचतात, त्याला ना नोंदणी लागते ना प्रमाणपत्र.

ज्या माणसाचे पाच हजार गेले, त्याच्या घराचा पाया तेव्हा नुकताच भरून झाला होता. आम्ही नकाशात पश्चिमेची खिडकी उत्तरेला नेली, दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा धरला आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून चार फुटांची टिनाची सपरी काढली, जिथे आता सरपण आणि सायकल असते. स्लॅबला चुना त्याने स्वतःच मारला. पाच हजार रुपये परत आले नाहीत.